आर्बोरेटममधली एकवीस पानं

ती. पद्मजाताईस,

अमेरिकेतल्या कॅरीहून शशिकांतचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे आठांपैकी सहाच अंगं टेकली आहेत, गोड मानून घे). तुझं डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे ऐकून जीव भांड्यात पडला. भाऊजींनी गोड सोडलं का? नसेलच.

इथे संजयकडे माझं आणि मीनाक्षीचं उत्तम चाललं आहे. त्याच्या वसाहतीचं नाव 'हॉथॉर्न आर्बोरेटम', म्हणजे वृक्षोद्यान. ओक कोर्ट, मेपल लेन, सीडर ड्राइव्ह, अशी गल्लीगल्लीला झाडांची नावं. झाडं म्हणशील, तर ती वसाहत बांधताना तोडली. आता दर घरापुढे एकेक रोप काठीला बांधून उभं आहे (नावाची पाटी मात्र चांगली भरघोस आहे). पण हे लक्षात येण्याआधीच मी मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये उभं राहून सांगून बसलो होतो, की यंदा गणपतीला एकवीस प्रकारची पत्री मी आणणार. चौतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेला माणूस साक्षात आर्बोरेटममध्ये राहतो, त्याने नाही आणायची तर कोणी? टाळ्या पडल्या. मीनाक्षीने तेवढा कपाळाला हात लावला.

शनिवारी सकाळी पिशवी घेऊन निघालो. कुंपणाबाहेर आलेली फांदी देवाची, हा आपल्या घरचा नियम तुला ठाऊकच आहे. इथे कुंपणंच नाहीत, म्हणजे सगळंच देवाचं! नऊ घरं करून परतलो, तर नात दारातच नाचत होती, "आजोबा, यू आर फेमस!" वसाहतीच्या ॲपवर पानं खुडतानाचे माझे नऊ व्हिडिओ आले होते (दोन छान आले आहेत). संजय म्हणाला, "बाबा, प्रत्येक दारावर कॅमेरा असतो यार! एचओएने बोलावलंय तुम्हाला." एचओए म्हणजे इथली सोसायटीची कमिटी. मी घाबरतो थोडाच? अध्यक्ष हेलनबाईंना वीस मिनिटं गणपती समजावला. त्या मला आपल्या परसात घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, हे गवत सहा वर्षं मारतेय, मरत नाही. बघतो तर दूर्वा! ताई, खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. औषध मारणं त्यांनी गणपतीपर्यंत कॅन्सल केलं आहे, आणि विचारून कुणाकडचीही पानं तोडायची मला परवानगी आहे. तेव्हा पत्री जमल्यातच जमा.

तुझा,
शशी

ता. क. जमल्यातच जमा म्हणजे पाच: दूर्वा, तुळस, डाळिंब, जाई आणि देवदार. बाकी सोळा पानं ओक-मेपलचीच, पण रुई, शमी, आघाडा असं म्हणून वाहणार आहे. अडचण एवढीच, की मला ती नावं ओळीने येत नाहीत. शास्त्रीय नावं शिकवण्यात जन्म गेला. पूजेत तू म्हणायचीस, मी वाहायचो. तर एकवीस नावं तुझ्या आवाजात रेकॉर्ड करून पाठव. गणपतीला आठच दिवस आहेत. इथल्या मंडळात कुणाला कळता कामा नये.

ता. ता. क. मीनाक्षी म्हणते, नावं इंटरनेटवर मिळतात. मिळतात, मी ऐकली. पण ते गुरुजी मध्येच थांबून "शशी, पान उलटं वाहिलंस" असं म्हणत नाहीत. तेवढंही रेकॉर्ड कर.