उजवीकडचा स्पीकर

३ जून

ती. ताईस,
टिल्लूचा सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितोय म्हणून घाबरू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. फोन मी हल्ली जवळजवळ सोडलाच आहे. त्यातला आवाज इतका पिचका येतो की तुझं बोलणं निम्मं कळतच नाही. आमच्या गाणं ऐकणाऱ्यांच्या मंडळात म्हणतात की चांगलं ऐकायची सवय लागली की असं होतं, मग कानाला हलकं काही चालत नाही. तेव्हा आता पत्रच.

बातमी अशी की मी स्पीकर घेतले. दोन आहेत, जेमतेम जाडजूड शब्दकोशाएवढे, पण आवाज असा की बाहेरच्या खोलीत कुणीतरी येऊन बसलंय असं वाटावं. वजनमापे निरीक्षक म्हणून अख्खी नोकरी बाजाराच्या गलक्यात गेली. आता खुर्चीत बसून शांतपणे गाणं ऐकायचं, एवढीच एक हौस उरली आहे. समोरच्या भिंतीशी दोन्ही स्पीकर, मधोमध माझी खुर्ची. डावीकडे पुस्तकांचं कपाट आणि उजवीकडे खिडकी. तिथे हिचं शिलाई मशीन आणि कापडाचे गठ्ठे आहेत, ते तुला माहीतच आहे.

एक बारीकशी गोष्ट आहे. उजवीकडचा स्पीकर जरा लाजतो. डावा जेवढा मोकळा बोलतो तेवढा हा बोलत नाही. मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे कानसम्राट म्हणतात (दुकान नळाच्या तोट्यांचं आहे), त्यांचं मत पडलं की नवे स्पीकर मुरावे लागतात. म्हणून दिवसभर वाजवत ठेवतो.

ही मशीनवरून काहीतरी म्हणाली. गाणं चालू होतं म्हणून नीट ऐकू आलं नाही, पण चेहऱ्यावरून कौतुकच असावं. मी हो हो म्हटलं.

माया आहेच, ती पत्रानेही पोचू दे.
तुझा टिल्लू

११ जून

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून जिवात जीव आला. मागच्या खेपेला मी फोनवर सांगितलं की माझा गुडघा सुजलाय, तर तू म्हणालास, वा, फार छान झालं. मी दोन दिवस धुमसत होते. आता कळलं की दोष फोनचा होता, तर तुला माफ केलं. गुडघा अजून सुजलेलाच आहे, त्यावर काय म्हणायचं ते आता लिहून कळव.

स्पीकर मुरतात हे मी पहिल्यांदाच ऐकलं. शाळेत भूगोल शिकवायला लागून निवृत्त होईपर्यंत माझ्या वर्गातली पोरंही मुरतील मुरतील म्हणून मी वाट पाहिली होती. तुझे स्पीकर त्यांच्यापेक्षा गुणी निघोत.

आणि धाकटी काय म्हणाली ते तिला पुन्हा विचार. चेहऱ्यावरून कौतुक असावं हा पुरावा तू कुठल्या दुकानदाराकडून चालवून घेतला असतास का? माझी ही भावजय मोजकं बोलते, पण बोलते ते कामाचं असतं. तिला माझे आशीर्वाद सांग आणि तिचं उत्तर ऐकून घे.

घरातल्या माणसांकडेही लक्ष असू दे, मग माझ्याकडे नसलं तरी चालेल.
तुझी ताई

२४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. शेकत जा.

स्पीकर मुरून मुरून थकले, पण उजवा सुधारला नाही. तेव्हा मी माझी जुनी विद्या वापरली. तराजूवर संशय आला की आम्ही दोन पारड्यांची अदलाबदल करायचो. तसंच उजवा स्पीकर डावीकडे ठेवला आणि डावा उजवीकडे. तर काय आश्चर्य! जो डावीकडे अगदी खणखणीत होता तो उजवीकडे येताच दबला. म्हणजे स्पीकर निर्दोष आहेत. खोट उजवीकडच्या जागेत आहे.

रविवारी अख्खं मंडळ घरी आलं होतं. सहाजण रांगेनं बसले. उजवीकडून आवाज दबतोय, असं मी सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी डोळे मिटले आणि मान डोलावली. एक दातांचे डॉक्टर आहेत, त्यांना तर तो दबलेपणा जिन्यात असल्यापासूनच जाणवला होता. कानसम्राटांनी कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन टाळ्या वाजवल्या आणि निदान केलं की कापडाचे गठ्ठे आवाज खातात. खालचे सूर सुती कापड खातं, वरचे सूर अस्तर खातं. नुसते गठ्ठे हलवून भागणार नाही, मशीनसुद्धा हलायला हवं, कारण त्याचं लोखंड आवाजाला खरखरीत करतं.

तेव्हा मशीन मधल्या बोळात न्यायचं ठरवलंय. तिथे खिडकी नाही, पण दिवा लावून देईन. हिला सांगितलं. ती काहीतरी म्हणाली आणि काम करत राहिली. म्हणजे तिची ना नाही.

मोठेपणाने मला समजून घे.
तुझा टिल्लू

१ जुलै

चि. टिल्लूस,
आ.

आजचे आशीर्वाद रागाने लिहिले आहेत, तेवढेच मिळतील.

तुला काही लाज? धाकटी लग्न होऊन आली तेव्हापासून त्या खिडकीशी बसते. त्या उजेडात तिने शेजारपाजारच्या दोन पिढ्यांचे कपडे शिवले. तुझी नोकरीतली बदली होऊन तू दुसऱ्या गावी राहत होतास, तेव्हा घर त्या मशीनवर चाललं. मागच्या वर्षी ती मला म्हणाली होती की काळ्या कापडावर काळा दोरा आता दिवसाउजेडीच दिसतो. तिला बोळात बसवलंस तर तिचं काम सुटेल. दुसरं काही होणार नाही. तिने मान खाली घालून शिवत राहणं म्हणजे होकार, हे तुला कुणी सांगितलं? त्या तोट्यावाल्यांनी?

आणि तुझ्या मंडळाला माझा एक निरोप दे. मी वर्गात विचारायचे की समजलं का, तेव्हा सगळ्यात जोरात मान हलवणाऱ्यालाच फळ्यापाशी बोलवायचे.

एवढंच हलवाहलवीचं वेड लागलं असेल तर स्वतःची खुर्ची हलव. तोंड फिरवून बस, त्या डबड्यांकडे पाठ कर. निदान समोर माणसं तरी दिसतील. पण मशीनला हात लावलास तर सुजलेला गुडघा घेऊन मी तिथे येईन, हे ध्यानात ठेव.

माया पातळ होऊ देऊ नकोस असं लिहिणार होते, पण आज माझीच झाली आहे.
ताई

९ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू रागावलीस तरी कामाचं बोललीस. खुर्ची फिरवायची कल्पना मंडळात कुणालाच सुचली नव्हती. मी ताबडतोब प्रयोग केला. स्पीकरांकडे पाठ करून बसलो आणि तेच गाणं लावलं. तर प्रकार उलटा झाला! मशीनच्या बाजूचा स्पीकर, जो इतके दिवस दबलेला होता, तो एकदम मोकळा झाला. आणि कपाटाच्या बाजूचा, जो गुणी बाळ होता, तो मिटून बसला. पुन्हा वळलो तर पुन्हा पहिल्यासारखं. मी संध्याकाळभर फिरत होतो, शेवटी भोवळ आली.

मी लगेच कानसम्राटांना बोलावलं. ते बराच वेळ छताकडे बघत होते. मग म्हणाले की असा किचकट प्रकार ते फक्त ऐकून होते. कापडावरून आवाज उसळतो, कपाटात शिरतो आणि पुस्तकांत अडकतो. म्हणजे खोलीच्या दोन्ही बाजू बिघडल्या आहेत. आता दोन्ही भिंतींना लाकडी फळ्या मारायच्या आहेत. पुस्तकं माळ्यावर जातील. सुतार रविवारी येतोय. मशीन मात्र त्याआधी हलवावंच लागेल, तेव्हा तू रागावू नकोस. हिने शनिवारपर्यंतचे कपडे पुरे करायला घेतले आहेत आणि नवीन काम घेणं बंद केलंय.

मीही खूश नाही, ताई. गाणं ऐकायचं म्हणून एवढं केलं आणि आता मला गाण्यात फक्त तो दबलेला भागच ऐकू येतो.

राग ओसरला की कळव.
टिल्लू

१३ जुलै

चि. टिल्लूस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

हे पत्र बसून वाच. सुतार येण्याआधी पोचावं म्हणून शेजारच्या मुलीला स्कूटरवरून टपालाच्या मोठ्या कचेरीत धाडते आहे.

सातवीच्या वर्गाला मी दरवर्षी एक प्रश्न घालायचे. सूर्य रोज या खिडकीतून त्या खिडकीत जातो, तर हललं कोण? पोरं बोट सूर्याकडे दाखवायची. तुलाही तेच विचारते. स्पीकर जागचे हलले नाहीत. कापडाचे गठ्ठे, कपाट, भिंती, सगळं होतं तिथेच होतं. दबलेला आवाज मात्र या बाजूचा त्या बाजूला गेला. मग हललं कोण, टिल्लू?

फोन तू कुठल्या कानाला लावतोस, ते एकदा हात वर करून बघ.

तू आयुष्यभर लोकांचे तराजू तपासलेस. दुकानदार म्हणायचे की मालच हलका आहे, आणि तू म्हणायचास की आधी तराजू दाखवा. आज तुला हे सांगताना मला मजा वाटत नाहीये. हसत हसत लिहायला बसले होते, पण दुसऱ्याच ओळीला भीती वाटायला लागली. डॉक्टरकडे जा. धाकटीला बरोबर ने.

तुझी ताई

२० जुलै

ती. वन्संना,
धाकटीचा शि. सा. न.

तुमचं पत्र शनिवारी आलं. मी शेवटचा सदरा शिवत होते. ह्यांनी ते वाचलं, घडी केली, परत उघडलं. मग उठून मशीनपाशी आले आणि उजवा कान माझ्याकडे करून उभे राहिले. डाव्या कानात बोट घातलं आणि मला म्हणाले की मशीन चालव. मी चालवलं. थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि पुन्हा म्हणाले की चालव ना. तेव्हा मी पाय थांबवला. चालूच होतं हो ते.

मग खाली बसले, गठ्ठ्यावर. सुताराला मीच निरोप पाठवला की येऊ नका.

डॉक्टर म्हणाले की बरेच दिवस हळूहळू कमी होत गेलं असणार. सगळं परत येणार नाही, पण यंत्राने पुष्कळ फरक पडेल.

वन्सं, तुम्हाला म्हणून सांगते. ते खुर्चीत बसले की मी त्यांच्या उजवीकडे. रस्त्याने चालताना मात्र मी नेहमी डावीकडून चालते. बाहेर प्रत्येक गोष्टीला उत्तर द्यायचे आणि घरात नुसतं हो हो. मला वाटायचं की घरात ह्यांना माझं काही ऐकायचं नाही. म्हणून बोळात जायला सांगितलं तेव्हा मी भांडलेसुद्धा नाही. म्हटलं, जाऊ दे, तिथे बसलं काय नि इथे बसलं काय. स्पीकरांवर मी किती चिडले होते, तुम्हाला काय सांगू.

गुडघ्याला जपा. माझ्यावर जीव आहे तसाच राहू द्या.
तुमची धाकटी

५ ऑगस्ट

ती. ताईस,
टिल्लूचा सा. न. वि. वि.

कानात यंत्र बसलं. डाळीच्या दाण्याएवढं आहे, पण पहिल्या दिवशी नळाखाली हात धरला तर दचकलो.

रविवारी मंडळ आलं होतं. यंत्राचं मी काहीच बोललो नाही, फक्त एवढंच म्हटलं की उजवीकडचा आवाज आता छान येतोय. सहाही जणांनी डोळे मिटले आणि मान डोलावली. कानसम्राट म्हणाले की ते सुरुवातीपासून सांगत होते, स्पीकर मुरावे लागतात. दातांच्या डॉक्टरांना तर सुधारणा जिन्यातच जाणवली होती. कापडाचे गठ्ठे होते तिथेच होते, आणि मंडळातले दोघे त्यांच्यावरच बसले होते. जाताना पुढच्या बैठकीचं आमंत्रण देऊन गेले. मी अजून काही कळवलेलं नाही.

मशीन खिडकीशी आहे आणि तिथेच राहील. नवीन कामं यायला लागली आहेत. माझी खुर्ची मात्र हलवली. आता मी तिच्या समोर बसतो. स्पीकर बाजूला पडले आहेत. मंडळाच्या हिशोबाने ही ऐकायची सगळ्यात चुकीची जागा आहे.

काल दुपारी गाणं चालू होतं आणि ही मशीनवरून काहीतरी म्हणाली. स्पीकर आणले त्या दिवशी म्हणाली होती तेच, असं ओठांवरून वाटलं. या खेपेला मला ऐकू आलं. ती म्हणत होती की आवाज जरा कमी करा, मला तुमच्याशी बोलायचंय.

मी बंदच केला. मग बराच वेळ बोलत बसलो.

फोन करत जा, आता डाव्या कानाला लावतो.
तुझाच,
टिल्लू