खाऱ्या पाण्यापल्याडचे भाऊबंद

अण्णा,

आज तुझी तिथी. पान वाढता वाढता आईनं एकदम विचारलं, "शांते, जमीन सरकती म्हणायचा त्यो, ते खरं व्हय गं?" "पुष्कळ विद्वान अजून मानत नाहीत," एवढंच मला सांगता आलं. ती पुन्हा पान वाढू लागली. मला मात्र तुझ्याशी बोलल्याशिवाय राहवेना.

आठवतं? अनगोळच्या घरी तू भाकरी मोडून कडेला कड जुळवून दाखवलीस. ही आफ्रिका, ही दक्षिण अमेरिका! "कुणी जर्मन विद्वान म्हणतो, सगळे खंड एकदा एकत्र होते. आपली जमीनसुद्धा आफ्रिकेला चिकटलेली होती."

"अन्नाशी खेळू नगंस रं!" आई ओरडली.

आणि कणकुंबीला, मावशीच्या परसात? ओल्या मातीतून गांडुळासारखं, पण बोटाएवढं जाड काहीतरी निघालं. मी किंचाळले. काकांनी कुदळ उगारली.

"थांबा! साप न्हाय त्यो. बेडकाच्या गोतातला हाय, बिनपायाचा."

तू ते ओंजळीत घेतलंस. किती हळुवार! मग मला म्हणालास, "ह्याला खारं पाणी सोसत नाही. तरी ह्याचे भाऊबंद आफ्रिकेत आहेत. समुद्र पोहून गेले असतील?"

"मग कसे गेले?"

"जमीनच दुभंगली असेल. काही इकडं राहिले, काही तिकडं. मग पिढ्यान्‌पिढ्या दोन्हीकडचे निरनिराळे होत गेले."

त्या दिवशी परसात पाऊल टाकायलाही मला भीती वाटत होती. तू किती हसलास!

हेच तू शाळेत तुझ्या वर्गातल्या मुलांना शिकवलंस, आणि नेमकं तपासनिसांपुढं एका मुलानं ते ठोकून दिलं. पुस्तकात नाही ते शिकवल्याबद्दल तू माफी लिहून द्यावीस, असा हुकूम झाला. "मी शंका शिकवली, खोटं न्हाय," म्हणालास आणि शाळा सोडून चिकोडीला शिकवण्या घ्यायला गेलास. तिथंच हिवतापानं तुला गाठलं.

एवढं कशाला ताणलंस रे? चार ओळी खरडल्या असत्यास, तर आज आमच्यात असतास का? कधी कधी फार राग येतो तुझा. मग तुझं ते हसणं आठवतं, आणि राग कुठल्या कुठं जातो.

आता मीही मुलींच्या शाळेत शिकवते. एखादी पोर पुस्तकापलीकडचं विचारते, तेव्हा माझी नजर आधी दाराकडं जाते. यापुढं जाणार नाही. समोर तपासनीस बसलेले असले तरी तिला उत्तर देईन, आणि ठाऊक नसेल तर तसं सांगेन.

भीती वाटेल, अण्णा. तरी देईन.

तुझीच,
शांता