नळीला लावलेला हात

बाबा, त्या कॉम्प्युटरचा विषय घरात निघाला की अजून माझं डोकं फिरतं. तो गेला त्याला किती वर्षं झाली, तुम्हाला जाऊनही झाली, आणि तुमच्या सुनेला अजून वाटतं की तो तुमच्यामुळे बिघडला. तसं मीच सांगितलंय सगळ्यांना.

मुरबाडच्या स्टँडमागे माझं पत्र्याचं दुकान. कॉम्प्युटरवर लग्नाच्या व्हिडिओच्या सीड्या बनवायचो, आणि मे महिन्यात मशीन असं तापायचं की अर्ध्या वरातीतच बंद पडायचं. वैतागून मी त्याला पाण्याने थंड करायची सोय बसवली: माशांच्या टाकीतला छोटा पंप, प्लॅस्टिकच्या नळ्या, पाण्याचा डबा. तुम्ही किन्हवलीहून एसटीने बघायला आलात. जन्मभर भातगिरणीचं इंजिन सांभाळलेलं, तेही पाण्यावरच थंड होणारं. तुमचा चेहरा असा खुलला, जणू मी तुमचाच धंदा पुढे नेतोय. मला त्याचीच चीड आली. कुठे तुमचं ते डिझेलचं धूड आणि कुठे माझा कॉम्प्युटर!

तेवढ्यात लाइट जाते. दुकान इन्व्हर्टरवर येतं, स्क्रीन चालूच. तुम्ही सवयीने नळीला बोटं लावता. "पानी फिरत नाय रे. नळी तापलीय. बंद कर आदी." मी गिऱ्हाइकासमोर खेकसतो, "बाबा, ही गिरणी नाय! हात काढा तिथून." तुम्ही हात काढून स्टुलावर जाऊन बसता. दहा मिनिटांत मऊ पडलेली नळी सुटली आणि सगळं पाणी आतल्या बोर्डावर. "तरी सांगत होतो हात लावू नका!" मी ओरडलो.

तुम्ही एसटीला निघून गेल्यावर टेबलाखाली वाकलो. कॉम्प्युटरची पिन इन्व्हर्टरच्या सॉकेटात होती, पंपाची मात्र साध्या लाइनवर. लाइट गेली तेव्हाच पंप बंद पडलेला. अक्कल गहाण टाकून ती पिन मीच तिथे खोचली होती. रविवारी घरी जेवताना तुम्ही विचारलंत, "माज्याच हातानं सुटली असंल का रे ती?" मी आमटीत भाकरी कुस्करत म्हणालो, "असंल." त्यानंतर दुकानात तुम्ही पाऊल टाकलं नाहीत. बाहेरूनच जेवणाचा डबा द्यायचात आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचात. मला ते दिसायचं, बाबा.

हे लिहून निदान तुमच्या सुनेला वाचायला द्यायचं, असं ठरवून बसलो होतो. ती आत्ताच येऊन विचारून गेली, काय लिहिताय एवढं. दुकानाचं काम, म्हणालो, आणि वही मिटली.