खिसा नसावा

प्रिय गुंडी,

पन्नाशीला आलेल्या मुख्याध्यापिकेला कुणी गुंडी म्हणतं का, असं म्हणून नाक मुरडू नकोस. पाकिटावर तुझं पूर्ण नाव आणि हुद्दा नीट लिहिलाय, तेव्हा तुझ्या शिपायाला काही कळायचं नाही. आत मात्र मी म्हणेन तेच. तुझं पत्र, गणवेशाच्या नियमांचा मसुदा आणि निळ्या कापडाचा तुकडा, सगळं सोमवारी पोचलं. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू मुख्याध्यापिका होतेस आणि माझं वाक्य तूच पुरं करतेस. शिवाय मला जे सांगायचंय त्याची जुळवाजुळव करायला चार दिवस गेले. म्हणून कागद घेतला.

तू दोन कामं सांगितलीस. एक, शिवणाच्या दृष्टीनं नियमांत काय चुकतंय ते कळवायचं आणि मुलींच्या फ्रॉकचा एक नमुना शिवून ठेवायचा. दुसरं, पुढच्या शनिवारी पालकसभेत व्यासपीठावर तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचं आणि तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवलेली बाई म्हणून पालकांना नववा नियम पटवून द्यायचा. मुलींच्या फ्रॉकला खिसा नसावा. तू लिहितेस, "आई, माझ्याशी हुज्जत घालतात, तुझं ऐकतील. खिशानं शिवण बिघडते एवढं तू म्हणालीस की विषय संपला." पहिलं काम केलंय. दुसऱ्याचं शेवटी लिहिते, ते मला जड जातंय.

आधी नियम. चौदाच्या चौदा वाचले, चष्मा पुसून दोनदा. भाषा सुतासारखी सरळ आहे, तुझीच आहे. पण पांढरे मोजे कुणी सुचवले? ज्यानं सुचवले त्यानं जन्मात कधी मोजे धुतलेले नाहीत. करडे घ्या. पहिली-दुसरीच्या फ्रॉकची बटणं पाठीवर नकोत, पुढं घ्या. सहा वर्षांच्या पोरीचा हात पाठीमागे पुरत नाही, मग ती शौचालयाच्या दाराशी कुणीतरी मोठं यायची वाट बघत पाय आवळून उभी राहते, आणि पुढचं मी तुला सांगायला नको. बुटांच्या नाड्या तिसरीपासून ठेव. त्याआधी चिकटपट्टीचे बूट, नाहीतर तुझ्या शिक्षिका अख्खा पहिला तास ओणव्या होऊन नाड्याच बांधत बसतील. खालच्या दुमडीत चार बोटं कापड सोडायला लावा, पोरं सुट्टीत ढेंगभर वाढून येतात. आणि पाचव्या नियमात तू लिहिलंयस की सोडलेल्या दुमडीची जुनी रेघ दिसू नये. ते खोडून टाक बाई. मूल वाढलं म्हणून दुमड सोडली, त्यात लपवण्यासारखं काय आहे? दिसली रेघ तर दिसली.

आता नववा. कारणं तू खाली दिली आहेस. मुली खिशात काहीबाही भरतात, वर्गात चाळा करतात, शिवण उसवते. मुलांच्या चड्डीला मात्र दोन-दोन खिसे, त्याबद्दल चकार शब्द नाही. गुंडी, दुरुस्तीला आलेल्या चड्ड्यांचे खिसे रिकामे करण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. गोट्या, पेन्सिलींची टोकं, ओलं झालेलं बिस्कीट, आणि एकदा तर जिवंत भुंगा. तो दुपारभर मशीनच्या दिव्याभोवती फिरत होता आणि तू मला त्याला हाकलू देत नव्हतीस, आठवतं? इतकं सगळं भरून त्या चड्ड्या मांडीवर फाटायच्या, बसून बसून मागे फाटायच्या, पण खिशापाशी उसवलेली चड्डी मला फारशी आठवत नाही. खिशाला दुहेरी टीप मारली की तो शाळेपेक्षा जास्त टिकतो. तू हा नियम स्वतःच्या डोक्यानं काढलेला नाहीस, तेही मला ठाऊक आहे. आपल्या जुन्या शाळेच्या नियमावलीतून उतरवून घेतलास. क्रमांक तोच, शब्दही तेच. मोठ्या बाईंचे, तिथल्या मुख्याध्यापिकेचे.

त्या शाळेत दुसरीपर्यंत रुमाल छातीवर पिनेनं लावायचा असे. तिसरीत गेलं की पीन बंद, रुमाल दप्तरात. आणि दप्तरं कुठे, तर वर्गाबाहेरच्या फळीवर, वर्ग नीटनेटका दिसावा म्हणून. मुलांना खिसे होते, त्यांचं अडत नव्हतं. बाकीच्या मुलींचंही भागत असेल, त्या फ्रॉकला नाक पुसून मोकळ्या होत. तुझं भागत नव्हतं, कारण तुझा घोळणा फुटायचा. उन्हातून आलीस की फुटायचा, पळालीस की फुटायचा, कधी नुसतीच बसलेली असताना. हात वर करायचा, परवानगी मिळायची, बाहेर जायचं, फळीवरचं दप्तर काढायचं, तोवर फ्रॉकच्या आतला पांढरा सदरा लाल. आठवड्यातून दोन सदरे मी मिठाच्या गार पाण्यात भिजवत होते. तुझे बाबा म्हणाले, चिठ्ठी लिहून बाईंना कळव. मी म्हटलं, चिठ्ठी कशाला, माझ्या हातात सुई आहे.

मग मी तुझ्या फ्रॉकच्या उजव्या बाजूच्या चुण्यांत खिसा शिवला. बाहेरून काही दिसत नव्हतं. चुणी थोडी सरकवली की आत हाताला फट लागायची आणि रुमाल तिथे. तोंडाला दुहेरी टीप, कोपऱ्यांना हातानं गाठीचे टाके. मी आजवर शिवलेल्या सगळ्या कपड्यांत ते माझं सर्वांत नेटकं काम, आणि ते मला कुणाला दाखवता येत नव्हतं. तू मात्र घरभर हात घालून घालून दाखवत हिंडत होतीस. दोन महिने एकही सदरा भिजवावा लागला नाही.

दर महिन्याला फ्रॉकची लांबी मोजायचे, तुला आठवतच असेल. गुडघ्याला लाकडी पट्टी लावायची आणि वर किती बोटं ते बघायचं. त्या दिवशी तुझ्या वर्गशिक्षिकेनं पट्टी लावली आणि ती चुणीतून सरळ आत गेली, अर्धी पट्टी गायब! पोरी हसायला लागल्या. आता सगळं आठवलं की त्या पट्टीचं मलाही हसू येतं, पण त्या दिवशी मी मोठ्या बाईंच्या खोलीत बसले होते. त्यांनी पुढच्या वर्षीच्या गणवेशांसाठी मला बोलावलं होतं. वर्गशिक्षिका तुझा हात धरून आत आल्या, खिसा बाहेर ओढून दाखवला. मोठ्या बाई रागावल्या नव्हत्या, नुसत्या चकित झाल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "हा तुम्ही शिवलात?" आणि मी म्हणाले, "छे हो, मी कशाला शिवू? हिनंच सुई घेऊन काहीतरी उद्योग केलेला दिसतोय." तू माझ्याकडे बघितलंस. आठ वर्षांची होतीस. मग बाईंकडे बघून म्हणालीस, "हो, मीच शिवला."

ती टीप यंत्राची होती. आठ वर्षांच्या मुलीचा पाय तेव्हा आमच्या मशीनच्या पायट्याला पोचतही नव्हता. मोठ्या बाईंना शिवणातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वर्गशिक्षिकेनं त्या टिपेवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. तीन दिवस प्रार्थनेच्या वेळी खिसा उलटा बाहेर काढून सगळ्यांपुढं उभं राहायचं, अशी शिक्षा तुला झाली. तिसऱ्या दिवशी प्रार्थना चालू असतानाच घोळणा फुटला. हात जोडलेले होते म्हणून तू ते सोडले नाहीस. हे तू मला सांगितलं नाहीस, मला सदऱ्यानं सांगितलं. थेट पोटापर्यंत सरळ रेघ होती, म्हणजे तू हललीसुद्धा नव्हतीस. मी तो सदरा भिजवला आणि खिसा उसवायला घेतला, तर कात्री तूच आणून दिलीस. त्यानंतर तुझं कधी काही चुकलं नाही. वह्या चौकोनी, वेण्या समान, वेळेच्या आधी हजर. सगळे म्हणायचे, पोरगी किती शिस्तीची! मी मान डोलवायचे.

गेल्या वर्षी तुझ्याकडे राहायला आले होते, तेव्हा तू जावईबापूंना हीच गोष्ट सांगत होतीस. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते, तुम्हाला वाटलं मी झोपलेय. तू म्हणालीस, "आईला तरी काय दोष द्यायचा? खरं बोलली असती तर शाळेचं काम हातचं गेलं असतं. तिला दुसरा इलाजच नव्हता." किती समजुतीनं म्हणालीस ग! मला वाटलं, आत्ता उठून बाहेर जावं. पण घातलेल्या घड्या मोडल्या आणि पुन्हा घालत बसले.

गुंडी, काम हातचं जाणार नव्हतं. पुढच्या वर्षीच्या कामाचा सहीशिक्क्याचा कागद मोठ्या बाईंनी मला आधीच दिला होता. तुला आत आणलं तेव्हा तो माझ्या पिशवीत होता. खरं सांगितलं असतं तर त्यांनी फार तर चार शब्द सुनावले असते. मी खोटं बोलले ते खुर्चीसाठी. त्याआधी सहा वर्षं मी त्या खोलीत दाराशी उभी राहून मापांच्या याद्या देत आणि घेत होते. त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा बसा म्हटलं, माझ्यासाठी चहा मागवला, बशीसकट. आणि म्हणाल्या, तुमच्याइतकी नियमाला पक्की शिवणारी बाई आम्हाला मिळायची नाही. एवढ्यात तू आलीस. मला त्या खुर्चीतून उठावंसं वाटलं नाही, एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी मी तुला पुढं केलं आणि चहा संपवून घरी आले. इतकी वर्षं तू मला जी माफी देत आलीस ती दुसऱ्याच कुणा बाईला देत होतीस. आता तू मला पुन्हा खुर्ची देतेयस, व्यासपीठावर, तुझ्या शेजारी, आणि पुन्हा खिशाबद्दल बोलायला सांगतेयस. मी शनिवारी येईन, पण खिशाबद्दल दुसऱ्यांदा खोटं बोलणार नाही. कुणी विचारलं तर खिशानं शिवण बिघडत नाही असं सांगेन, आणि कुणी नाही विचारलं तरी तो खिसा मी शिवला होता हे उभी राहून सांगेन. नियम ठेवायचा की काढायचा ते तू ठरव, शाळा तुझी आहे. हे तुला चारचौघांत कळू नये, आधी एकटीला कळावं, म्हणून लिहिलं. मला बोलवायचं नसेल तर तसं कळव, मी समजेन. नमुना तयार आहे. खिसा उजव्या बाजूला आहे, या वेळी बाहेरून, पांढऱ्या दोऱ्यानं, शेवटच्या रांगेतूनही दिसेल असा.

तुझीच,
खिसा शिवणारी आई