पाव सेकंदाचा सूड

२ फेब्रुवारी, रविवार, सायं. ७:३०
आजपासून रोजनिशी. कुणी वाचण्यासाठी नाही. पुरावा म्हणून.

दुपारी मेहुणी आणि तिचा नवरा, म्हणजे माझे साडू, चहाला आले होते. लेक गायली. मी नव्या डिजिटल पियानोवर साथ केली. पियानो कॉम्प्युटरला जोडलाय. त्यामुळे मोठ्या सभागृहातल्या मोठ्या पियानोचा आवाज कॉम्प्युटरमध्ये तयार होतो आणि कपाटावरच्या बिनतारी स्पीकरमधून येतो. सगळं घर भरून जातं. गाणं संपलं. साडूंनी बिस्कीट चहात बुडवलं आणि म्हणाले, "साडूभाऊ, बोटं जरा मागून येतायत हो."

सगळ्यांसमोर. लेकीसमोर. बिस्कीट तुटून कपात पडलं, तेवढाच न्याय.

हा माणूस दाताचा डॉक्टर. दिवसभर लोकांना आ करायला सांगतो. स्वतःचं तोंड कधी मिटायचं ते याला कुणी शिकवलेलं नाही. याच्याही घरी पियानो आहे, म्हणून ही उचलली जीभ लावली टाळ्याला.

निश्चय: या एका वाक्याचं उट्टं काढणार. सव्याज.

३ फेब्रुवारी, दु. १:२०
ऑफिसात कॉम्प्युटरवाल्याला विचारलं. त्याने एक शब्द दिला: लेटन्सी. आपण पट्टी दाबतो, ते कॉम्प्युटरला कळतं, तो विचार करतो, मग आवाज येतो. मध्ये वेळ जातो. माझ्या वर्णनावरून पाव सेकंद असावा म्हणाला.

म्हणजे बोटं मागे नाहीत. आवाज मागे आहे. मी लिफ्ट तपासणारा माणूस. बटण दाबल्यावर लिफ्ट उशिरा आली तर आजवर कुणी म्हटलंय का, की तुमचं बोट मागून येतंय?

लगेच साडूला फोन करून ठणकावलं. तो म्हणाला, "हो का, बरं झालं कळलं." आणि पेशंट आहे म्हणून फोन ठेवला. मिरची झोंबलेली दिसते.

५ फेब्रुवारी, सायं. ७:१५
लेकीने बातमी आणली. गाण्याच्या शाळेत उन्हाळ्यापासून पूर्ण वेळ शिकायला सहा जागा आहेत. आधी पियानोच्या साथीचं रेकॉर्डिंग पाठवायचं, त्यातून निवडलेल्यांना प्रत्यक्ष बोलावणार. शेवटची तारीख २८. तिला दुसरं काही करायचंच नाही, हे ती आठवीपासून सांगते आहे. साथीला कोण, असं तिने विचारलं. ज्या सुरात विचारलं तो मला आवडला नाही.

साथीला बाप. लेकीची निवड होणार, आणि तेच रेकॉर्डिंग साडूला समोर बसवून पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत ऐकवणार. बिस्कीट न देता.

८ फेब्रुवारी, शनिवार, दु. ४
कॉम्प्युटरवाला घरी आला. त्याने बफर दाखवला. कॉम्प्युटर आवाजाचा थोडा साठा करून मग पुढे ढकलतो, त्या साठ्याला बफर म्हणायचं. साठा कमी केला की उशीर कमी. मी म्हटलं, मग शून्य करा. त्याने अगदी खाली आणला तर पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज आला. पुन्हा वर नेला.

मग त्याने तीन उपाय सांगितले. बिनतारी स्पीकर सर्वांत वाईट, त्यापेक्षा तारेचे हेडफोन लावा. नाहीतर आवाजासाठी वेगळी डबी मिळते, ती कॉम्प्युटरला जोडा. नाहीतर कॉम्प्युटर बंदच करा, पियानोला स्वतःचे स्पीकर आहेत, त्यांना उशीर होत नाही.

तिन्ही गोष्टी ऐकल्यासारख्या वाटल्या. खोदून विचारलं, तेव्हा कळलं की हे सगळं साडूकडे आहे आणि याची दाढ साडूनेच भरलेली आहे. दाढ भरता भरता पियानोवर गप्पा झाल्या म्हणे. पेशंटचं तोंड उघडं असताना गप्पा कसल्या? भाषणच असणार.

निश्चय: तिन्ही उपाय बाद. साडूच्या उष्ट्या अकलेवर मी जिंकणार नाही.

९ फेब्रुवारी, स. १०
बायकोचं म्हणणं, पियानोला स्वतःचा आवाज असेल तर तो का नको? तिला सभागृहाच्या आवाजाचं महत्त्व समजावलं. शिवाय तसं केलं तर तिच्या बहिणीचा नवरा बरोबर ठरतो. ती "नाचता येईना" एवढंच म्हणून आत गेली. अंगणाचं नावही काढलं नाही. हा टोमणा अर्धा सोडायची तिची पद्धत मला माहीत आहे.

१३ फेब्रुवारी, सायं. ६
साडूचं घर आणि दवाखाना ज्या इमारतीत चौथ्या मजल्यावर आहेत, तिथली लिफ्ट आज तपासली. पाळी मेमध्ये होती, पण कामात चालढकल मला खपत नाही. बटण दाबल्यापासून दरवाजा मिटायला सुरुवात व्हायला सात सेकंद. नियमात पाच बसतात. यात सूडबुद्धी अजिबात नाही, घड्याळ सरकारी आहे. लाल कागद चिकटवला. लिफ्ट बंद.

साडूला म्हणावं, आता कळेल उशीर म्हणजे काय.

१५ फेब्रुवारी, स. ११
बायकोची दाढ दुखायला लागली. गाल धरून चार मजले चढली. वर साडूने तिच्याकडे माझ्यासाठी निरोप दिला, की जिने चढून त्याचं पोट उतरलंय, साडूभाऊंचे आभार. बायको निरोप सांगताना एका बाजूने बोलत होती, तरी शब्द स्पष्ट होते.

सोमवारी लाल कागद काढणार. दया म्हणून.

१७ फेब्रुवारी, स. ७:०५
सापडलं. कॉम्प्युटरवाल्याला सुचलं नाही, साडूच्या बापजन्मी सुचणार नाही. आवाज पाव सेकंद उशिरा येतो ना? मग मी पाव सेकंद आधी वाजवणार. बस. डबी नको, तार नको. मनगटातली हिंमत.

रोज सकाळी सहा ते सात सराव. आज पहिल्या दोन ओळी स्पीकरमधून अगदी ठोक्यावर आल्या.

२० फेब्रुवारी, स. ७:१०
आता विचारही करावा लागत नाही. बोटं आपोआप आधी पडतात. परिणाम इतरत्रही दिसतोय. ऑफिसात साहेबांचा प्रश्न संपायच्या आत उत्तर दिलं. ते वेगळ्याच प्रश्नाचं निघालं, पण वेग बघा. बायकोचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी नाही म्हणतो, अशी तिची तक्रार. मग म्हणाली, ते जुनंच आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार, सायं. ५:३०
रेकॉर्डिंग केलं. लेक माइकसमोर, मी पियानोवर. वाजवताना खोलीत सगळं असं जुळत होतं की अंगावर काटा आला. साडूचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवून वाजवलं.

मग ऐकून पाहिलं. पियानो पुढे, गाणं मागे. प्रत्येक ओळीत. दोनदा ऐकलं, तीनदा ऐकलं. निष्कर्ष वाईट आहे, पण बापाने सत्याला सामोरं जावं. लेक उशिरा गाते.

२३ फेब्रुवारी, रविवार, दु. १
तिला सांगितलं. शांतपणे सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मी तुमच्या पियानोबरोबरच गात होते." मी म्हटलं, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही. पुन्हा गायली. पुन्हा मागे. अकरा वेळा गायली. आठव्या वेळेपासून ती प्रत्येक ओळ घाबरून आधी उचलायला लागली आणि सूर हलले. अकराव्या वेळी घसा बसला.

बायको तिला आत घेऊन गेली. कोमट पाणी दिलं. माझं जेवण टेबलावर झाकून ठेवलेलं आहे. माझ्याशी कुणी बोलत नाही. मला त्या माणसाचं ते बिस्कीट आठवत राहतं. हे सगळं त्याच्यामुळे.

२४ फेब्रुवारी, दु. १:३०
कॉम्प्युटरवाल्याला रेकॉर्डिंग ऐकवलं. तो म्हणाला, आवाज कधी ऐकू आला ते कॉम्प्युटर लिहीत नाही, बोट कधी पडलं ते लिहितो. तुम्ही पाव सेकंद आधी वाजवलंत, तर रेकॉर्डिंगमध्ये पियानो पाव सेकंद आधीच येणार. मुलगी बरोबर गातेय.

मी म्हटलं, ज्याची दाढ साडूने भरली, त्याची साक्ष मी धरत नाही. तो डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जेवायला गेला.

२६ फेब्रुवारी, सायं. ६:४५
लेक दोन दिवस मावशीकडे राहायला गेली. तिथे शांतता मिळते म्हणे. घसा सुधारतोय. जाताना गाण्याची वही नेली. मी म्हटलं, साडूकडून काही शिकू नकोस. ती बुटाची नाडी बांधत होती, वर बघितलं नाही.

२८ फेब्रुवारी, सायं. ७
पाठवलं. लेकीनेच पाठवलं. कुठलं पाठवलं विचारलं, तर म्हणाली, चांगलं झालेलं. म्हणजे अकरावं. घसा बसला होता, पण साथ त्यात सर्वांत भक्कम होती. घोडामैदान जवळच आहे.

१४ मार्च, शुक्रवार, दु. १२:१०
निवड! पहिल्या फेरीत! शाळेचं पत्र ऑफिसात बसून लेकीला फोनवर वाचून दाखवायला लावलं. आवाज निर्मळ, वगैरे. मग हे, शब्दशः: "पियानोची साथ संयमी आणि नेमकी आहे."

नेमकी. नेमकी. हे वाक्य मोठ्या अक्षरांत छापून घेतलं. पत्राच्या शेवटी एक फुटकळ सूचना होती, की रेकॉर्डिंगच्या अखेरीस राहिलेलं बोलणं पुढच्या वेळी कापून पाठवावं. मी काय बोललो असेन? बहुधा "वा".

मेहुणी आणि साडूला रविवारी चहाला बोलावलं. बायको म्हणाली, नको. लेक म्हणाली, बाबा, खरंच नको. विजयाला घरच्यांचाच विरोध असतो.

१६ मार्च, रविवार, सायं. ६:३०
लिहायला हवं, म्हणून लिहितो.

साडू आले. खुर्ची मी आधीच मांडून ठेवली होती, स्पीकरसमोर. पत्रातलं वाक्य वाचून दाखवलं. साडू म्हणाले, "झकास." लेक म्हणाली की फाईल सापडत नाहीये. मी शोधून काढली. पाठवलेल्या मेलमध्ये होती.

लावली. गाणं सुरू झालं. मी बोट वर करून एकेक जागा दाखवत होतो. हे ऐका, इथे ती थांबते तर मी थांबलो. इथे मी तिला पुढे जाऊ दिलं. बोटं मागून येतायत का हो? साडू कपात बघत होते. मी इतकं हळुवार वाजवलं होतं, हे मलाच आठवत नव्हतं. तेही मी मोठ्याने बोललो.

गाणं संपलं. मी स्पीकरकडे हात केला आणि म्हटलं, आता शेवटचं बोलणंही ऐका.

स्पीकरमधून साडूचा आवाज आला. "छान गायलीस. हेच पाठव. आणि बाबांना सांगू नकोस, महिनाभर घाम गाळलाय त्यांनी."

माझा हात अजून स्पीकरकडेच होता, तो खाली घेतला. बायकोने कप उचलले. साडू उठले, माझ्या खांद्याला हात लावावा की नाही या विचारात थोडे थांबले, मग चपला घालून खाली गेले. सूड घ्यायला मी पाहुणे बोलावले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

१८ मार्च, स. ६:२०
सकाळी सहाला पियानोपाशी बसलो, पण सुरू केला नाही. लेक येऊन बाजूला बसली. मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही पाठवू दिलं नसतं. बाबा, मला जायचं होतं."

मी नाही म्हणणार होतो. तिचं वाक्य पुरं होऊ दिलं, आणि मग पाहिलं तर ती म्हणते तसंच होतं.

२२ मार्च, शनिवार, सायं. ७
पुढच्या शनिवारी प्रत्यक्ष फेरी. साथीला साडू. लेकीने विचारलं, तुम्ही याल ना? मी विचारलं, येऊन करू काय? काकांना पानं उलटायला कुणीतरी लागतं, म्हणाली. काका मान हलवतील तेव्हा उलटायचं.

आज साडूकडे सरावाला गेलो. लिफ्ट चालू आहे. साडूने पियानोच्या डावीकडे माझ्यासाठी स्टूल ठेवलं होतं आणि त्यावर उशीही होती. लेक गायला लागली. इतक्या जवळून, स्पीकरशिवाय, मी तिला बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. ऐकत राहिलो. साडूंनी मान हलवली. पुन्हा हलवली. मग त्यांनीच डाव्या हाताने पान उलटलं आणि एकही सूर न सोडता पुढे गेले.

कागदाचा काही दोष नव्हता.