व्हर्ना माझ्या कार्डावर

३ नोव्हेंबर
पुढच्या महिन्यात पासष्ट पूर्ण. म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा, मेडिकेअर! निश्चय: यापुढे घरातले कागदपत्र मी बघणार. चर्चची झाडलोट करतो म्हणून अक्कल नाही असं कोणी समजू नये. पोस्टाची पेटी रोज विम्याच्या जाहिरातींनी भरते. सगळं न वाचता शेगडीत. व्हर्ना म्हणाली, अरे डेलमर, त्यात एखादं कामाचंही असेल. बायकोला शंका फार.

९ नोव्हेंबर
व्हर्ना शाळेच्या स्वयंपाकघरात आहे. तिथला विमा चालू ठेवायचा का, ते पंधरा तारखेच्या आत लिहून द्यायचंय. मी म्हटलं, बंद कर, पगारातून कशाला कापून घेतेस? मी मेडिकेअरवर, म्हणजे तूही. ती म्हणाली, मी एकसष्टची आहे रे, फोन करून विचार तरी. विचारायचं काय त्यात? शेजारच्या एल्बर्टच्या बायकोला मिळतंच की!

१४ नोव्हेंबर
व्हर्ना विमा बंद करायच्या कागदावर सही करून आली. जानेवारीत तिच्या खुब्याचं ऑपरेशन. दिवसभर उभं राहून पोरांना वाढते, संध्याकाळी गाडीतून उतरताना कण्हते. मला बघवत नाही. आता सगळं माझ्या मेडिकेअरच्या कार्डावर.

५ डिसेंबर
कार्ड आलं! नाव फक्त माझं. बायकोचं मागून येत असणार.

२२ डिसेंबर
आलं नाही. नाताळ. पोस्ट तुंबलंय.
एल्बर्टची बायको एकाहत्तरची निघाली. वाटत नाही मुळीच.

७ जानेवारी
नॉक्सव्हिलहून हॉस्पिटलचा फोन. व्हर्नाचा विमा कुठेच दिसत नाही म्हणे. शाळेच्या ऑफिसात धावलो. तिथली बाई म्हणाली, विमा परत हवा तर आता पुढच्या नोव्हेंबरात या.
व्हर्नाला सांगितलं, डॉक्टर रजेवर आहेत, ऑपरेशन पुढे गेलं. अगदीच खोटं नाही. कुठला तरी डॉक्टर रजेवर असेलच.

११ फेब्रुवारी
लायब्ररीत मिस टटल गरिबांचे टॅक्सचे फॉर्म फुकट भरून देतात. कमी पगारात राबणाऱ्यांना सरकार थोडे पैसे परत देतं. बेत असा होता की चेक व्हर्नाच्या हातात ठेवायचा आणि मग खरं सांगायचं.
मिस टटलनी विचारलं, विमा? व्हर्ना ऐटीत म्हणाली, मी ह्याच्या कार्डावर आहे. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग हळूच तिला म्हणाल्या, अगं, ते कार्ड एकट्याचं असतं. ज्याचं त्याचं पासष्ट.
पैसे मात्र मिळणार. पदरी मुलं नसली तर जोडप्यात एक तरी पासष्टच्या आतलं लागतं. मी बाद झालो. व्हर्नामुळे मिळतायत.
लाज वाटली, खूप.
बाहेर आल्यावर तिने एवढंच विचारलं, डॉक्टर आले का रे रजेवरून?
मी हात पुढे केला होता. तिने कठडा धरला आणि एकेक पायरी उतरली.