शके १८१२, इसवी सन नव्हे

रवि., १ डिसेंबर
दिगंबररावांनी सभेसाठी काढलेल्या पत्रकातील वाक्य : ‘आमच्या आळीतील धर्मशाळा कोणी एका भिकाजीने इ. स. १८१२ मध्ये बांधली असून ते रत्नागिरीतील सर्वांत जुने आहे.’ धर्मशाळा स्त्रीलिंगी. ‘ते’ नव्हे, ‘ती’. ‘सर्वांत जुनी’ हे कोणी ठरवले? आणि पेशवाई चालू असताना कोकणात दगडावर इसवी सन कोण कोरीत बसले होते? शेजारी आहेत, जुने मित्र आहेत, म्हणूनच सांगायला हवे.
पुढील रविवारी विश्वस्तांची सभा. विषय एकच : धर्मशाळा दुरुस्त करायची, की पाडून सभागृह बांधायचे. वाशांना वाळवी लागली आहे, कौले अर्धी गेली आहेत. परंतु जांभ्याच्या भिंती व ओसरीच्या तिन्ही कमानी जागच्या हललेल्या नाहीत. त्या पाडल्या, तर संध्याकाळी फिरायला जाऊन मी काय पाहू?

मंगळ., ३ डिसें.
दि.रा. आमच्या ओट्यावर. भडकलेले.
“मास्तर, दगडावर आकडा आहे. चष्मा पुसा.”
“आकडा आहे. आकड्याच्या आधी काय आहे?”
“चुना.”
“चुन्याखाली?”
“चुन्याखाली आणखी चुना!”
मग आवाज खाली आणून म्हणाले, “दोनशे वर्षांची आहे, म्हणून तरी विश्वस्त जरा बिचकतायत. तुम्ही तेवढीच कमी करायला निघालात.”
सौ. चहा ठेवताना म्हणाली, “तुम्ही दोघे पडा, धर्मशाळा राहू दे.”

शुक्र., ६ डिसें.
नात अनघा खेडहून आली. वास्तुविशारद, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचेच काम करते. तिने ओला बोळा व लाकडी पाचर घेऊन शिलालेखावरील चुना सोडवला. आधी एक मात्रा दिसली, मग ‘के’, मग ‘श’. आकड्यांच्या पुढेही एक शब्द निघाला. संपूर्ण लेख : ‘भिकाजीनें बांदिली शके १८१२ माघ’.
मी तेथल्या तेथे अठ्ठ्याहत्तर मिळवले. इ. स. १८९०. दि.रा. पायरीवर बसले. “गेली ती दोनशे वर्षे,” एवढेच बोलले. मला आनंद व्हायला हवा होता. फारसा झाला नाही.
अनघा : “आजोबा, खाली माहितीची पाटी लावायची झाली, तर ‘बांधिली’ करून घेऊ ना?”
“मुळीच नको. पाथरवट जसा बोलत होता, तसे त्याने कोरले आहे. पाटीवरही ‘बांदिली’च हवे.”
“हे तुम्ही सांगताय?”
दि.रा. पायरीवरून : “आज सूर्य कुठून उगवला ते बघा रे कोणीतरी.”

शनि., ७ डिसें.
आंब्याला मोहोर चांगला. बाकी चित्त थाऱ्यावर नाही. उद्या खरे साल सांगितले, तर पाडणाऱ्यांच्या हाती आयती पहार. न सांगितले, तर चुकीचे साल माझ्यासमोर वाचले जाईल आणि मी ते बसून ऐकेन. हे
दि.रा. मध्येच आले, म्हणून वरील वाक्य अपुरे. म्हणाले, “तुम्ही गप्प बसणार नाही, ठाऊक आहे. निदान हळू आवाजात सांगा.”

रवि., ८ डिसें.
सभा ओसरीवरच झाली. अध्यक्षस्थानी आबा, आंब्याचे व्यापारी. मी उभा राहिलो आणि सांगितले : हे साल इसवी नाही, शके आहे, म्हणजे इ. स. १८९०. हळू सांगणे जमले नाही.
एक विश्वस्त लगेच, “म्हणजे फार काही जुनी नाही. मग हरकत कसली?”
आबा मात्र खुर्चीत पुढे सरकले. “थांबा. मास्तर, नक्की शके?”
“शंकाच नाही.”
“अहो, आमच्या पणज्याचं नाव भिकाजी! आजी सांगायची, धर्मशाळा त्यानं बांधली म्हणून. पत्रकात अठराशे बारा वाचलं आणि म्हटलं, तेव्हा पणजा कुठला? म्हातारीनं थापा मारल्या. म्हणून गप्प बसलो.”
तोच मागून दि.रा., “मास्तर, एक दुरुस्ती! माघ आहे. माघात इंग्रजी वर्ष पालटलेले असते. अठ्ठ्याहत्तर नव्हे, एकोणऐंशी मिळवा. १८९१!”
बरोबर होते. ओसरीभर हशा. “मास्तर चुकले!” हे आता मांडवीच्या किनाऱ्यापर्यंत पोचले असेल.
आबा उठून दगडाशी गेले, ‘भिकाजीनें’वरून बोट फिरवून आले आणि अनघाकडे दुरुस्तीचा अंदाज मागितला. दोघे विश्वस्त अजून सभागृहाला चिकटून आहेत. निर्णय पुढील सभेत.

सोम., ९ डिसें.
दि.रा. सकाळी विचारून गेले, “चूक वहीत नोंदवलीत का?” नोंदवली. सालांची व तारखांची शुद्ध यादी, दोघांच्या संमतीने :
पत्रकातील इ. स. १८१२ : चूक. शके १८१२ वाचावे.
माझे ६ व ८ तारखेचे इ. स. १८९० : चूक. १८९१ वाचावे. (शोधक : दि.रा. त्यांच्या आग्रहावरून नाव घातले.)
पत्रकावरील सभेची तारीख ९ : चूक. सभा ८ रोजी झाली. (शोधक : मी.)
पुढील सभा : २२ डिसें., रविवार. वार पडताळला.
दुरुस्तीचा आरंभ : ही जागा मोकळी सोडली आहे. शेजारी शिसपेन्सिल ठेवली आहे.